बीपीची गोळी, समुद्री गोगलगायीचं विष आणि डिशमधल्या मेंदूपेशी

मावशीने एकदा तिच्या गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढे ओतली आणि म्हणाली, "ही बघ, ही कॅल्शियमची, हाडांसाठी. आणि ही बीपीची, हिच्या कागदावर लिहिलंय कॅल्शियम चॅनल ब्लॉकर. म्हणजे एक गोळी कॅल्शियम देते आणि दुसरी अडवते? मग दोन्ही कशाला गिळते मी?"

हसू नका, प्रश्न एकदम रास्त आहे. शरीरातलं जवळपास ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, गोळी त्यासाठी. रक्तातल्या कॅल्शियमची पातळी शरीर हार्मोन्स वापरून इतकी घट्ट धरून ठेवतं की एका गोळीने ती फारशी हलत नाही. आणि बीपीची गोळी रक्तातलं कॅल्शियम कमी करतच नाही, ती बसते पेशीच्या दारात. म्हणजे दोघींचं कार्यक्षेत्रच वेगळं. मावशीचं समाधान झालं, माझं नाही झालं, कारण पेशीच्या दारात बसते म्हणजे नेमकं काय करते हा प्रश्न मेंदूच्या पेशींच्या बाबतीत विचारायला घेतला की भलताच खोल जातो, आणि "औषधाने चॅनल बंद होतो" हे वाक्य आपण किती सहज बोलतो पण त्यात चार-पाच अगदी वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात हे कळायला मला बराच वेळ लागला.

आधी कॅल्शियमचं बघू. पेशीच्या बाहेर कॅल्शियम साधारण १ ते २ मिलिमोलर असतं (मोलर हे द्रावणातल्या प्रमाणाचं माप, नॅनोमोलर म्हणजे मिलिमोलरचा दहा लाखावा भाग), आणि शांत बसलेल्या न्यूरॉनच्या, म्हणजे मेंदूतल्या सिग्नल नेणाऱ्या पेशीच्या, आत १०० नॅनोमोलरच्या आसपास. म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पटीहून जास्त. पेशी हा फरक फुकट राखत नाही, सतत ऊर्जा खर्चून पंप चालवते आणि आलेलं कॅल्शियम बाहेर फेकते. कशासाठी एवढा खटाटोप? कारण आत इतकं कमी असलं की थोडंसं जरी शिरलं तरी पेशीला ते लगेच जाणवतं. मध्यरात्री सामसूम असताना चमचा पडला तरी घरभर ऐकू जातं ना, तसं. सोडियम पोटॅशियम मुख्यतः विजेचं काम करतात, कॅल्शियम वीजही आणतं आणि आत गेल्यावर स्वतःच निरोप होतं, केमिकल सोड, स्नायू आवळ, अमुक जीन चालू कर, असा.

हे महत्त्व पहिल्यांदा लक्षात आलं तेही एका घोळामुळे. सिडनी रिंगर नावाचे इंग्रज डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून धडकतं ठेवत होते, छान चाललं होतं. मग कळलं की ते द्रावण शुद्ध पाण्यात बनवलेलंच नव्हतं, लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवलं होतं. डिस्टिल्ड पाणी वापरल्याबरोबर हृदय थंडावलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियमच सगळं काम करत होतं. हे १८८३ सालचं. आपण ज्याला रिंगर्स सोल्युशन म्हणतो ते ह्यांच्याच नावाचं.

आता दार, म्हणजे चॅनल. हे एक मोठं प्रोटीन असतं, पेशीच्या पडद्यात आरपार बसलेलं, मध्ये बारीक वाट. पेशी शांत असताना तिच्या आत बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलीव्होल्ट असतात, सिग्नल आला की हे व्होल्टेज चढतं, चॅनलचा व्होल्टेज ओळखणारा भाग सरकतो आणि वाट उघडते, सगळं मिलिसेकंदांत. उघडं असताना एका चॅनलमधून सेकंदाला दहा लाखांच्या घरात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, जाऊ शकतात. आणि गंमत म्हणजे बाहेर सोडियम कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त असतं तरी आत कॅल्शियमच घेतलं जातं, कारण वाटेच्या अरुंद जागी ग्लुटामेट ह्या अमिनो आम्लाची चार टोकं कडं करून उभी असतात आणि ती कॅल्शियमला धरतात.

असे चॅनल एकाच प्रकारचे नसतात. १९८५ साली कोंबडीच्या पिल्लाच्या, मणक्याजवळच्या संवेदी न्यूरॉन्सवर काम करताना तीन वेगवेगळे प्रवाह ओळखले गेले. एक बराच वेळ टिकणारा, तो एल. एक पटकन येऊन विझणारा, तो टी. आणि तिसरा ह्यातही नाही त्यातही नाही, म्हणून एन, इंग्रजीतल्या नीदरचा एन! (नावं ठेवण्यात शास्त्रज्ञांचा हात कोण धरणार.) पुढे पी, क्यू, आर अशी भर पडली. ढोबळमानाने सांगायचं तर एन आणि पी-क्यू हे सिनॅप्सच्या, म्हणजे दोन न्यूरॉन जिथे जुळतात त्या जागेच्या, टोकाशी असतात आणि पुढच्या पेशीकडे केमिकल सोडायला लागतात, एल हा मुख्यतः पेशीच्या धडाकडे, त्याचा निरोप केंद्रकापर्यंत जाऊन जीन्स चालू करतो, आणि टी हा कमी व्होल्टेजलाच उघडतो म्हणून तालात धडकणाऱ्या पेशींत महत्त्वाचा.

एक हिशोब इथेच लक्षात ठेवा, पुढे लागेल. सिनॅप्सपाशी किती केमिकल सुटणार हे आत आलेल्या कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात असतं. म्हणजे कॅल्शियम निम्मं केलं तर केमिकल निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. वीस टक्केच कमी केलं तरी सुटणारं केमिकल चाळीस टक्क्यांवर येतं. त्यामुळे औषधाने चॅनल पूर्ण बंद करायची गरजच नसते, थोडा हात आखडला तरी पुरे.

बरं, हे सगळं बघायचं कुठे? जिवंत मेंदूत एका पेशीवर औषध टाकून बाकीच्यांना वगळणं महाकठीण, म्हणून कल्चर, म्हणजे पेशी शरीराबाहेर डिशमध्ये वाढवणं. साधारण पद्धत अशी की १८ दिवसांच्या गर्भातल्या रॅटच्या मेंदूतून हिप्पोकॅम्पस ह्या स्मरणशक्तीशी संबंधित भागाचा तुकडा घ्यायचा, पपईपासून मिळणारं पपेन किंवा ट्रिप्सिन घालून पेशी एकमेकींपासून सुट्या करायच्या, आणि पॉलीलायसिनचा थर दिलेल्या काचेवर सोडायच्या, नाहीतर त्या चिकटतच नाहीत. मग ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि वाट बघा. पहिल्या दिवशी नुसते गोल ठिपके. दोन-तीन दिवसांत हातपाय फुटतात, त्यातला एक लांब जाऊन सिग्नल पुढे नेणारी तार, म्हणजे अ‍ॅक्सॉन होतो. दोन आठवड्यांत सिनॅप्स जमतात आणि कोणी न सांगता पेशी आपापसात सिग्नल सोडायला लागतात. मायक्रोस्कोपखाली हे पहिल्यांदा बघणारा माणूस थोडा वेळ गप्प बसतोच.

पण ह्यात एक खाच आहे. तीन दिवसांची पेशी आणि पंधरा दिवसांची पेशी ह्यांच्यात चॅनलचं मिश्रण वेगळं असतं. त्यामुळे "न्यूरॉनवर अमुक औषधाचा असा परिणाम होतो" असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, किती दिवसांच्या?

मोजायच्या दोन मुख्य रीती. एक पॅच क्लॅम्प, एर्विन नेहर आणि बर्ट साकमान ह्यांनी १९७६ मध्ये मांडलेली, १९९१ चं नोबेल त्याच कामाला. काचेची नळी तापवून ओढून तिचं टोक मायक्रोमीटरच्या घरात आणायचं, पेशीला टेकवायचं, हलकंसं ओढायचं, की काच आणि पडदा असे घट्ट चिकटतात की वीज बाजूने गळतच नाही. मग आपणच व्होल्टेज ठरवायचं आणि किती प्रवाह आला ते वाचायचं. पण पेशीत सोडियमचे पोटॅशियमचेही चॅनल आहेत ना, ते सगळे एकदम बोलायला लागतात. म्हणून पफर माशाचं विष टेट्रोडोटॉक्सिन घालून सोडियमवाले गप्प करायचे, नळीत सीझियम भरून पोटॅशियमवाले, आणि पुष्कळदा कॅल्शियमच्याऐवजी बेरियम वापरायचं, कारण आत आलेलं कॅल्शियम स्वतःच एल चॅनलला आवरतं घ्यायला लावतं, बेरियम तसं करत नाही, प्रवाह मोठा आणि स्वच्छ दिसतो. म्हणजे बघा, कॅल्शियम चॅनलवरचे कितीतरी प्रयोग कॅल्शियमशिवायच झालेत. ह्यावरून कोणी नाक मुरडलं तर ते चूक नाही, पण दुसरा इलाजही नसतो.

आणखी एक पीडा आहे. नळी पेशीला जोडली की पेशीतला ऐवज नळीत पातळ होत जातो आणि कॅल्शियमचा प्रवाह आपोआप उतरायला लागतो, औषध न देताच. नवखा माणूस औषध टाकतो, प्रवाह कमी झालेला बघतो आणि खूश होतो. जुना माणूस विचारतो, औषध धुवून काढल्यावर प्रवाह परत आला का? नाही आला तर तुझं औषध नव्हे, तुझी पेशी दमली असेल.

दुसरी रीत चमकणाऱ्या डायची. १९८५ च्या सुमारास रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी फ्युरा-२ नावाचा डाय आणला, तो पेशीत भरायचा, ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आलटून पालटून टाकायचा, आणि दोन्हींच्या गुणोत्तरावरून आतलं कॅल्शियम काढायचं. गुणोत्तर घेतल्यामुळे डाय कुठे कमी कुठे जास्त भरला ह्याचा घोळ बराच निघून जातो. आणि योगायोग बघा, वर जे एल-टी-एन प्रवाहांचं काम सांगितलं त्या टीममध्ये होते रिचर्ड त्सिएन, रॉजरचे सख्खे भाऊ. एका भावाने दारं मोजली, दुसऱ्याने आतला उजेड. डायने एका वेळी शंभर पेशी बघता येतात हा फायदा, पण कॅल्शियम कुठून आलं हे तो सांगत नाही. बाहेरून चॅनलमधून आलं की पेशीच्या आतल्या साठ्यातून सुटलं, चमक सारखीच.

आता औषधं. सगळ्यात साधी कल्पना म्हणजे बूच. आणि ह्या कल्पनेला सगळ्यात जवळची गोष्ट औषध नाहीच, विष आहे. शंकूच्या आकाराच्या शिंपल्यातली कोन स्नेल नावाची समुद्री गोगलगाय माशाला बाणासारखा दात मारते आणि मासा जागीच लुळा पडतो. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा ह्यांनी हे विष वेगळं करून त्यातले घटक तपासले, त्यातून ओमेगा-कोनोटॉक्सिन मिळाली. हे एन चॅनलच्या तोंडाशी बाहेरून जाऊन बसतात, बाकीच्या प्रकारांना फारसं छेडत नाहीत. त्यातलं एक तर डिशमध्ये टाकलं की कितीही धुवा, सहजी निघत नाही. दुसऱ्या एका जातीच्या गोगलगायीतल्या, २५ अमिनो आम्लांच्या तसल्याच विषावरून झिकोनोटाइड हे औषध झालं, अमेरिकेत २००४ च्या डिसेंबरात मंजूर, इतर कशाने न थांबणाऱ्या तीव्र वेदनेसाठी. पण ते गोळीतून देता येत नाही, पंपाने थेट मणक्यातल्या द्रवात सोडावं लागतं, आणि गोंधळणं, भास होणं असे त्रास होऊ शकतात. एन चॅनल फक्त वेदनेच्या वाटेवर नाहीत, सगळीकडेच आहेत, त्यामुळे नवल नाही.

मावशीच्या गोळीचं तसं नाही. निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिन, निमोडिपिन हे सगळे एकाच कुळातले, डायहायड्रोपिरिडिन कुळ, आणि एल चॅनलला धरतात. पण कसे धरतात? बूच मारून नाही, तर बिजागरीच्या बाजूने. चॅनलच्या अवस्था असतात, मिटलेला पण तयार, उघडा, आणि दमून लॉक झालेला. हे औषध लॉक झालेल्या अवस्थेला जास्त घट्ट चिकटतं आणि त्याला तिथेच ठेवतं. म्हणून डिशमधली पेशी उणे ८० मिलीव्होल्टला धरून औषध टाकलं तर तुम्ही म्हणाल काय हे, काहीच होत नाही. तीच पेशी उणे ४० ला धरा, तोच डोस टाका, आणि प्रवाह झोपतो. औषध तेच, पेशी तीच, उत्तर वेगळं. रक्तवाहिनीचा स्नायू बराच काळ अर्धवट चढलेल्या व्होल्टेजलाच असतो म्हणून ही गोळी तिथे जोरात लागते, शांत बसलेला न्यूरॉन त्यामानाने सुटतो. (रक्तवाहिनीतल्या चॅनलची घडणही थोडी वेगळी असते, ते एक कारण आहेच.) व्हेरापामिल ह्या दुसऱ्या कुळातल्या ब्लॉकरचं अजून वेगळं, ते उघड्या वाटेतूनच आपल्या जागी पोचतं, म्हणून चॅनल जितका वेळा उघडेल तितकी पकड वाढत जाते.

आणि ह्याच कुळात एक उलट्या खोपडीचा भाऊ आहे, बे के ८६४४. रचना जवळपास तीच, पण हा चॅनल जास्त वेळ उघडा ठेवतो. बूच असतं तर असं झालंच नसतं ना. एकाच ठिकाणी बसून एक रेणू दार मिटतो आणि दुसरा उघडं धरतो, ह्याचा अर्थ दोघेही बिजागरीशी खेळतायत.

तिसरा प्रकार म्हणजे चॅनलला हातही न लावता निरोप पाठवणारे. मॉर्फिन घ्या. ते चॅनलवर बसतच नाही, पेशीच्या पडद्यावर दुसरीकडे ओपिऑइड रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे निरोप झेलणारं प्रोटीन) बसतं, तिथून जी-प्रोटीन नावाच्या आतल्या निरोप्याचा एक तुकडा सुटतो आणि तो जाऊन एन चॅनलला धरतो. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेनही असंच, गाबा ह्या मेंदूला शांत करणाऱ्या केमिकलच्या गाबा-बी रिसेप्टरमार्फत. ही वाट पहिल्यांदा कल्चरमध्येच उजेडात आली, १९७८ साली, कोंबडीच्या संवेदी न्यूरॉन्सवर नॉरअ‍ॅड्रेनलिन, गाबा, सेरोटोनिन टाकल्यावर सिग्नलमधला कॅल्शियमचा वाटा घटला तेव्हा. आणि निरोप आलाय की बूच बसलंय हे ओळखायची एक झकास युक्ती आहे. चाचणीच्या आधी पेशीला एक जोरदार व्होल्टेजचा झटका द्यायचा. जी-प्रोटीनचा तुकडा त्या झटक्याने सुटतो, आणि क्षणभर प्रवाह बराचसा पूर्ववत होतो, औषध डिशमध्ये तसंच असताना. मला विचाराल तर ह्या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग हाच, कारण काही न धुता, काही न बदलता फक्त विजेने पेशीला विचारता येतं की बाई, तुला कोणी धरलंय?

चौथा प्रकार माझा आवडता, गॅबापेंटिन. नाव गाबावरून, बनवलं गाबासारखं दिसावं म्हणून, आणि ते गाबाच्या रिसेप्टरवर बसतच नाही. १९९३ साली अमेरिकेत फिट्ससाठी मंजूर झालं, तेव्हा ते शरीरात कुठे बसतं हे नीट माहीत नव्हतं. १९९६ मध्ये जागा सापडली, अल्फा-२-डेल्टा नावाचं प्रोटीन, जे कॅल्शियम चॅनलच्या मुख्य भागाला बाहेरून जोडलेलं असतं. झालं, सगळ्यांना वाटलं की आता सोपं आहे, डिशमध्ये टाकू आणि प्रवाह कमी होताना बघू. टाकलं, आणि कुणाला थोडासा फरक दिसला, कुणाला काहीच नाही, वाद सुरू. मग काही जणांनी औषध मिनिटभर टाकून बघण्याऐवजी तासन्‌तास ठेवलं, रात्रभर, त्याहून जास्त. आणि प्रवाह स्पष्ट कमी झाला. २००८ साली आलेल्या कामात हे नीट दिसलं. अल्फा-२-डेल्टाचं काम असतं नवे चॅनल पेशीच्या आतून पडद्यापर्यंत पोचवायला मदत करणं, आणि गॅबापेंटिन ती पाठवणीच अडवतं. बसलेले चॅनल तसेच चालू राहतात, नवे येईनात, जुने काढले जातात, साठा आटतो. पाच मिनिटांच्या प्रयोगात हे दिसणार कसं? प्रश्न पाच मिनिटांचा विचारला, उत्तर पाच मिनिटांचं आलं.

दारूचंही वेळेशी असंच नातं आहे, पण उलट्या दिशेने. डिशमध्ये अल्कोहोल टाकलं की एल चॅनलचा प्रवाह घटतो. पण न्यूरॉनसारख्या वागणाऱ्या पीसी-१२ पेशी काही दिवस अल्कोहोलमध्ये वाढवल्या तर त्या एल चॅनल वाढवून बसतात, जणू भरपाई म्हणून. आता अचानक अल्कोहोल काढून घ्या, दाबणारा गेला आणि दारं जास्त. सवय असलेल्या माणसाने एकदम दारू सोडल्यावर हातपाय थरथरणं, फिट येणं ह्यामागे बाकी कारणं पुष्कळ आहेत, त्यातला हा एक धागा.

टी चॅनलवरचं एथोसक्सिमाइड थोडक्यात सांगतो. लहान मुलांना काही सेकंद एकदम हरवल्यासारखं होतं त्या अ‍ॅब्सेन्स प्रकारच्या फिट्सवर ते देतात. थॅलॅमस ह्या मेंदूच्या मधल्या भागातल्या सुट्या केलेल्या पेशींवर त्याने टी प्रवाह कमी होतो हे १९८९ मध्ये दाखवलं गेलं. मात्र त्या फिटमधला सेकंदाला तीनच्या आसपासचा ताल सुट्या पेशीत नसतोच, तो थॅलॅमस आणि कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) ह्यांच्यातल्या सिग्नलच्या येण्याजाण्यातून तयार होतो, आणि डिशमध्ये आणताना आपण तीच वाट तोडलेली असते.

डिशवर किती भरवसा ठेवायचा ह्याचं उत्तर बऱ्याचदा कंटाळवाण्या तपशिलात असतं. निफेडिपिन उजेडात खराब होतं, दिवे लावून काम केलं तर तुम्ही भलतंच मोजताय. ते पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून डीएमएसओ नावाच्या द्रावकात घालतात, मग नुसतं डीएमएसओ घातलेली डिश बाजूला हवीच. डिशमध्ये पुष्कळदा ५-१० मायक्रोमोलर टाकतात, माणसाच्या रक्तात मात्र ह्या औषधाचा बहुतेक भाग प्रोटीनला चिकटलेला असतो आणि मोकळं उरतं ते नॅनोमोलरमध्ये. शिवाय मेंदूत शिरायला रक्त-मेंदू अडसर ओलांडावा लागतो, डिशला अडसर नाही, रक्त नाही, लिव्हर नाही.

ह्या दरीत पडलेलं एक औषध आहे इस्राडिपिन, तेही डायहायड्रोपिरिडिनच, तेही बीपीचं. पार्किन्सन्समध्ये डोपामिन हे केमिकल बनवणाऱ्या ज्या पेशी मरतात त्या स्वतःच्या तालात धडकत असतात आणि त्या धडकण्यात एल चॅनलमधून सतत कॅल्शियम आत येत राहतं, ते उपसण्याचा ताण त्यांना सोसावा लागतो. उंदरांत आणि मेंदूच्या कापांत हा चॅनल अडवल्यावर पेशी वाचताना दिसल्या, आशा वाढली. मग ३३६ रुग्णांवर ३६ महिन्यांची चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये छापून आला, आणि आजाराचा वेग कमी झाला नाही. कारणांवर बरीच चर्चा झाली. त्यातलं एक असं की डोपामिनच्या पेशींना ज्या एल चॅनलची गरज असते तो ह्या औषधाला रक्तवाहिनीतल्या एल चॅनलपेक्षा कमी दाद देतो. मात्रा वाढवून त्याला गाठायला जावं तर त्याच्या कितीतरी आधी रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं आणि पाय सुजायला लागतात.